निघालेला देव

सुजय गेल्याला आता वर्षं उलटली, पण त्या दिवसाची गोष्ट पेणच्या ह्या घरात अजून कुणाला एकसारखी सांगता येत नाही. कमळाकर अण्णा म्हणतात, पोराने स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं, मग आम्ही काय करणार. सगुणाआई म्हणतात, मी घाईने कुंकू लावलं नसतं तर. थोरला जितेश काहीच म्हणत नाही. विषय निघाला की उठून कारखान्यात जातो आणि कोऱ्या मूर्तींवरून उगाच फडकं फिरवत बसतो. त्याची बायको नमिता म्हणते, मी बोलले होते. बोलली होती, हे खरं. पण किती मोठ्याने, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि समीक्षाला, जिचा नवरा गेला तिला, कुणी विचारतच नाही. विचारायला तोंड हवं ना.

तेव्हा जसं झालं तसं एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला एप्रिल होता. बाजार बंद, एसटी बंद, पण गणपतीच्या कारखान्यात हात थांबवून चालत नाही. परदेशी जाणारे देव बोटीने जातात, म्हणून ते उन्हाळ्यातच निघतात. आदल्या वर्षी टाळेबंदीत एकही खोका निघाला नव्हता, तयार मूर्ती माळ्यावर धूळ खात बसल्या होत्या. त्यामुळे यंदा नैरोबीच्या मराठी मंडळाने मोठा गणपती सांगितला तेव्हा जितेशच्या जिवात जीव आला. मंडळ म्हणजे परकं नव्हे; धाकटी बहीण दिशा तिकडेच दिलेली, तिचा नवरा प्रणित मंडळाच्या कामात पुढे असायचा.

शिमग्याच्या आधी दिशाचा फोन आला होता. तिकडे लाट वाढली होती, ऑक्सिजन मिळत नव्हता, तिच्या सासऱ्यांना धाप लागली होती. “दादा, तिकडे हवेतून ऑक्सिजन काढायचं मशीन मिळतं का रे? आमच्याकडे औषधाला नाही.” तेव्हा आपल्याकडे कोरोना गेल्यातच जमा होता. लग्नं दणक्यात चालली होती, मास्क हनुवटीला लोंबत होते. टीव्हीवर लशींचे खोके विमानात चढताना दाखवत, आणि अण्णा खुर्चीत पुढे सरकून म्हणत, “बघ. आपला देश देनारा हाय, मागनारा नाय.” दिशाचं ऐकून त्यांनी लगेच सांगितलं, “आपला खोका जातोच हाय ना? त्यात घाल. देवाबरोबर जाईल.”

जितेशने पनवेलच्या दुकानातून एक मशीन आणलं, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले, मास्कचे गठ्ठे आणले. दुकानदाराने आनंदाने दिलं, कुणी नेत नव्हतं त्याच्याकडून. सगळं रीतसर कागदावर चढवलं. ऑक्सिमीटरांतले दोन तेवढे घरी ठेवले, एक पेणला, एक सुजयला, तो बायकोबरोबर रोह्याजवळ वरश्याला राहायचा तिथे. मशीन बसवलं मूर्तीच्या पाठीमागे, प्रभावळीखाली, फोमात घट्ट. मूर्ती बाहेर काढल्याशिवाय ते निघणार नव्हतं.

ह्या घराची एक रीत आहे. पेणमध्ये दुसऱ्या कुठल्या कारखान्यात ती नाही. खोक्याला शेवटचा खिळा बसला की घरातल्या मोठ्या बाईने झाकणावर हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि देवाच्या वतीने आपणच म्हणायचं, “येतो.” एकदा येतो म्हटलं की देव निघाला. मग खोका अंगणात असो की बंदरात, घरच्यांनी उघडायचा नाही. ही रीत अण्णांच्या आईने, बायजाने घातली. खारेपाटातलं मिठागर सोडून रंगाच्या कामाला पेणला आलेल्या माणसाची ती बायको. घरातला पहिला देव परदेशी निघाला तेव्हा तिला राहवलं नाही, खिळे काढायला लावून तिने त्याला परत एकदा पाहिलं, आणि तो टेम्पो वडखळच्या वळणावर उलटला. टेम्पोचे ब्रेक गेले होते हे अख्ख्या पेणला माहीत होतं. पण बायजाला कोण समजावणार?

त्या दिवशी सगुणाआईंनी नारळ फोडला, येतो म्हटलं, आणि खोबऱ्याचे तुकडे ताटलीत काढत होत्या, तेवढ्यात फाटकाशी अ‍ॅक्टिव्हा थांबली.

समीक्षा होती. नागोठण्याला पोलिसांनी अडवलं नसतं तर ती शेवटच्या खिळ्याआधी पोचली असती. हेही एक आहेच.

ती फाटकातच थांबली. तोंडावर दोन मास्क, त्यावरून ओढणी. वरसे ते पेण उन्हातून गाडी मारत आलेली, डोळे लाल.

“अगो, आत ये ना,” सगुणाआई म्हणाल्या.

“नको, आई. घरात पेशंट हाय. मी हितंच उभी राहते.” तिने गाडीचं हँडल धरून ठेवलं होतं. “मशीन पायजे. त्यांना.”

अंगणात खोका मधोमध, ह्या बाजूला घरचे, त्या बाजूला फाटकात ती. नाथा ड्रायव्हर ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडून बिडी ओढत होता. तो उगाच दुसरीकडे बघू लागला.

जितेश पुढे झाला. “कसा हाय तो? काल माझ्याशी बोलला तर म्हनला ताप उतरलाय.”

“तुमच्याशी तसंच बोलतात, भाऊजी. मी सांगते ना. मागच्या खोलीत निजलेत, मला आत येऊ देत नायत. ताट दारात ठेवायचं, मी बाजूला झाले की उचलतात. बोटाचा आकडा दारातूनच सांगतात. काल नव्वद सांगितला, आज सकाळी शहाऐंशी. डॉक्टर फोनवर म्हनले ऑक्सिजन लावा. कुठे लावू? रोह्याला जागा नाय. अलिबागला नाय. तुमच्या पेणला पन विचारून आले आता, नाय. डॉक्टर म्हनले, घरी मशीन मिळालं तर बेड मिळेपर्यंत निभेल. मशीन कुठे मिळेल तर पनवेलपासून मुंबईपर्यंत कुठे नाय. आनि मला आठवलं.” ती खोक्याकडे बघून थांबली. “बंद केलात?”

झाकणावर कुंकू अजून ओलं होतं.

जितेशच्या मनात त्या वेळी काय होतं ते त्याने नंतर एकदाच नमिताला सांगितलं. त्याला भावाचा चेहरा दिसला, आणि त्याच क्षणी खोक्याच्या बाजूवरचा शिक्काही दिसला. लाकडाला कीड नाही म्हणून धूर देऊन मारतात तो शिक्का. खोका उघडला की तो गेला. परत धूर, परत कागद, तोवर कंटेनर बंद, बोट गेलेली. एवढी मूर्ती भाद्रपदात इथे कुणाला द्यायची? पुन्हा एक वर्ष माळ्यावर. भाऊ आणि शिक्का एकाच वेळी डोक्यात आले, ह्याचीच त्याला लाज वाटते. माणसाच्या डोक्यात काय आधी येतं ते त्याच्या हातात नसतं, असं नमिताने त्याला समजावलं. त्याला ते पटलेलं नाही.

“नाथा, किती थांबशील?” त्याने विचारलं.

“मी थांबेन, शेट. बंदराचं फाटक थांबनार नाय. आज कंटेनरला सील लागतंय.”

“मूर्ती उतरवू, मशीन काढू, परत बसवू,” नमिता म्हणाली. ती पायरीवर उभी होती. “मी हात लावते की.”

“तेवढ्यात होत नाय ते,” जितेश म्हणाला. “फोम परत कापायचा, खिळे परत मारायचे. आनि शिक्का?”

“शिक्का,” नमिता म्हणाली, आणि गप्प झाली. तिच्या बोलण्याचं हे असंच. सुरुवात करते ती, शेवट दुसऱ्यांवर सोडते.

अण्णा आतापर्यंत खुर्चीतच होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, “समीक्षा, पोरी, देव निघाला. तुझ्या सासूने येतो म्हटलं.”

“अण्णा, मला तुमची रीत माहीत नाय.”

“माहीत नाय कशी? लग्नाला वर्सं झाली की तुझ्या.”

“माहीत हाय, अण्णा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हँडलवरचा हात घट्ट झाला. “आम्ही भातशेतीवाले. आमच्यात पेरलेलं पन परत उकरतात, वेळ आली तर. त्यांना श्वास लागलाय.”

अण्णांनी मान खाली घातली. लोक म्हणतात म्हातारा हेकट. हेकट आहेच, पण त्या दिवशी त्यांच्या मनात फक्त रीत नव्हती. मंडळाला त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं होतं, मशीन पाठवतो, काळजी करू नका. पलीकडचा अनोळखी माणूस रडला होता. दिशाचे सासरे त्यांच्याच वयाचे. लग्नात दोघे शेजारी बसून हसत हसत जेवले होते. त्या माणसाच्या नाकातली नळी आपण काढून घेतोय असं त्यांना वाटलं. बोटीला किती दिवस लागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, खोका अंगणातून उचलला की तिकडे दारात.

“दिशालाच इचार,” अण्णा शेवटी म्हणाले. “तिच्यासाठी घेतलंय. ती म्हनेल तसं.”

आता बघा, हे किती सोयीचं. ज्याने ठरवायचं त्याने समुद्रापलीकडच्या पोरीवर ढकललं. पण तेव्हा सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. जितेशने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खोक्यावर, कुंकवाच्या शेजारी, उभा करून ठेवला.

दिशा ओट्याशी उभी होती. गालाची हाडं वर आलेली. जितेशने सगळं सांगितलं तेव्हा तिने गॅस बंद केला.

“मग? बघताय काय? काढा ना, दादा.”

“तुझे सासरे?”

“ते आहेत. बसूनच झोपतात, आडवं होता येत नाही.” मागून कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता, लांबलचक, मध्येच तुटणारा. दिशाने मागे बघितलं नाही. “त्याचं आम्ही बघू. सुजूचं आधी. समीक्षावहिनी आहे का तिथे? वहिनी, तू घेऊन जा.”

प्रणित तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. “हो, काढा,” तो म्हणाला. “आमचं होईल काहीतरी.” आणि तो लगेच बाजूला झाला. त्याला आपला चेहरा दाखवायचा नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

सगुणाआईंना पोरीचं तोंड बघवेना. दोन लेकरं, दोन देशांत, आणि मध्ये एक मशीन. आईने काय करावं? त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं, आणि खोक्यापाशी जाऊन त्याच पदराने झाकणावरचं कुंकू पुसलं. लाकडात लाल डाग राहिला.

“मी लावलं, मी पुसलं,” त्या म्हणाल्या. “लागायचं ते पाप मला लागू दे. जितू, उघड.”

“सगुणा,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही गप ऱ्हावा. तुमच्या आईने देव बघायला उघडला होता. मी पोरासाठी उघडतेय.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याला चारचौघांत गप राहा म्हणाल्या. अण्णा गप राहिले. राहिले, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे सगळा दोष त्यांच्या रीतीवर गेला. रीत त्या क्षणी मोडली होती. सगुणाआईंनी ती मोडली होती.

जितेशने पहार आणली. नमिता पायरी उतरून खाली आली. नाथाने बिडी विझवली आणि दुसऱ्या टोकाला हात लावायला आला. पहारीचं टोक फटीत गेलं, पहिला खिळा कुरकुरला.

तेवढ्यात फोनमधून सुजयचा आवाज आला.

दिशाने मधल्या वेळात त्याला कॉलमध्ये घेतलं होतं. त्याला बरं वाटावं, घर त्याच्यासाठी काय करतंय ते त्याने बघावं, म्हणून. ती अजून स्वतःला दोष देते ह्याबद्दल. तिला सगळे सांगतात, तुझा काय दोष. ती मान हलवते.

“काय रे, दादा, पहार घेऊन कुठे निघालास?” सुजय म्हणाला.

पडद्यावर त्याचं कपाळ आणि वरचा पंखाच जास्त दिसत होता. उशीला टेकून बसला होता. हसत होता. सुजयचं हसणं सगळ्यांना ठाऊक. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून यायचा, आणि रविवारी तसाच पेणला देवांच्या डोळ्यांच्या आखणीला बसायचा, हसतच.

“तुझ्यासाठीच,” जितेश म्हणाला. “मशीन काढतोय. आकडा शहाऐंशी हाय ना तुझा?”

“शहाऐंशी?” तो थांबला. हा थांबण्याचा क्षण सगळ्यांनी नंतर कितीदा तरी ऐकला असेल मनात. तेव्हा वाटलं, तो हसू आवरतोय. “अरे, वेड्यांनो. ते नखाला रंग हाय माझ्या.” त्याने उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. तर्जनीच्या नखात निळं दिसत होतं. “व्हॉट्सअपवर नाय वाचलंत? रंग असला की बोटाचं मशीन फसतं. बायकांना नेलपॉलिश काढायला सांगतात.”

घरातल्या प्रत्येकाला तो रंग माहीत होता. देवाचे डोळे सुजयच आखायचा. काळ्या बुबुळाच्या कडेला तो निळ्याची एक बारीक रेघ द्यायचा, दुसरं कुणी देत नसे. लांबून कळायची नाही, पण देव बघतोय असं वाटायचं. रेघ जाड झाली की तर्जनीच्या नखाने कडा पुसून काढायची त्याची सवय. ते निळं मग त्याच्या नखात आठवडाभर. समीक्षा लग्नानंतर पहिल्यांदा त्यावरूनच त्याच्याशी भांडली होती, जेवताना तरी थिनरने बोट पुसा म्हणून. ताप यायच्या आदल्या रविवारी ह्याच खोक्यातल्या देवाचे डोळे त्याने आखले होते.

जितेशने पहार खाली केली नाही. तेवढं त्याच्या पदरात घालायला हवं. “दुसऱ्या बोटाला लावून बघ,” तो म्हणाला.

“लावलं की. पंच्याण्णव आलं.”

“मला नाय सांगितलंत,” समीक्षा फाटकातून म्हणाली.

“तू निघालीस नि मग माझ्या डोक्यात आलं. फोन केला तर तू गाडीवर.” तो पुन्हा हसला, आणि त्या हसण्यानंतर थोडा खोकला. “ह्या बाईला घाबरायला काय लागतं? एवढ्या उन्हात पेणला गेली. आई, तिला पानी दे आधी.”

आणि घर हसलं. खरंच हसलं. सांगायला नको वाटतं, पण हसलं. अण्णा म्हणाले, “ह्या पोराने नखं कधी धुतलीयत?” सगुणाआई हसता हसता रडल्या. नाथासुद्धा म्हणाला, माझ्या मेव्हणीचं पण असंच झालेलं. इतका वेळ छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं, आणि उचलणारा कोण, तर ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं तोच. कोण त्याला म्हणेल, खोटं बोलतोस?

समीक्षा हसली नाही. पण तिला आत, खोलीत, बघायला मिळालं नव्हतं. दारापलीकडून आलेला आकडा तेवढा तिच्याकडे होता, आणि आता दुसरा आकडाही दारापलीकडूनच आला होता.

“व्हय का हो?” तिने विचारलं. “नक्की?”

“नक्की गो. दिशे, ऐकतेस? मशीन येतंय. तुझ्या सासऱ्यांना लाव आधी. त्यांना सांग, सुजयने पाठवलंय.”

दिशाने फक्त हात जोडले. आपल्याच भावाला हात जोडायची वेळ, आणि तीही अशी.

“चल, ठेवतो. बोलून घसा दुखतो,” सुजय म्हणाला. “दादा, पुढच्या रविवारी आखणीला येतो.”

फोन बंद झाला. जितेशने वर आलेला खिळा हातोडीने परत ठोकला. सगुणाआईंनी पुन्हा कुंकू लावलं, त्या पुसलेल्या डागावरच. दुसऱ्यांदा येतो म्हणताना त्यांचा आवाज नीट निघाला नाही, पण तो आनंदाने, असं सगळ्यांना वाटलं. खोका ट्रकमध्ये चढला. नाथाने हॉर्न दिला.

त्याला खरंच रंग वाटला होता, की बहिणीसाठी तो बोलला, हे आता कुणालाच कळायचं नाही. जितेश म्हणतो, त्याला माहीत होतं. समीक्षा म्हणते, नव्हतं, माणूस स्वतःलाही असं समजावतो. मशीन नैरोबीला पोचलं तोवर दिशाचे सासरे अंगणात चालायला लागले होते. मंडळाच्या हॉलमध्ये ते मशीन आता कापड घालून ठेवलेलं असतं. पुढच्या लाटेत कुणाकुणाला लागलं, एक बाई त्याच्यावर वाचली असं दिशाने कळवलं होतं. अण्णांनी तो मेसेज दोनदा वाचून घेतला आणि फोन उलटा ठेवला.

ट्रक वळणाआड गेला तेव्हा नमिताने भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि नारळाच्या प्रसादाची पुडी पिशवीत बांधून फाटकाच्या खांबाला अडकवली, समीक्षाने उचलावी म्हणून. मग ती चार पावलं मागे सरली.

“समीक्षा,” ती म्हणाली.

“काय, वहिनी?”

“मला नाय पटलं गो. हसत होता, पन मध्ये मध्ये थांबून.” समीक्षाने गाडी चालू केली होती. “घरी गेलीस की आत जा. तो काय म्हनेल ते म्हनू दे. हात बघ त्याचा.”

म्हणजे नमिता बोलली होती. पण ट्रक गेल्यावर, आणि इंजिनाच्या आवाजात.

परतीच्या वाटेवर समीक्षा स्वतःशी भांडत होती. आपण उगाच घाबरतो, तो म्हणतो ते खोटं नाही. नमितावहिनी म्हणते त्यातही काही नाही; तिचा स्वभावच संशयी. नागोठण्याला अंबा नदीवरच्या पुलापाशी तिने गाडी थांबवून त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. झोपला असेल. पंच्याण्णव आहे, म्हणजे झोपला असेल. रोह्याच्या वाटेवर आंबे विकायला बसलेली एक बाई तिच्याकडे बघून हसली तेव्हा समीक्षाच्या ध्यानात आलं, आपण मोठ्याने बोलतोय.

वरश्याच्या घरात सकाळचं ताट दाराबाहेर तसंच होतं. भातावर माशा.

“अहो,” तिने हाक मारली. “मी आले. वहिनींनी भाकऱ्या दिल्यात.”

आतून नुसता श्वास ऐकू आला. भराभर, वरच्यावर. तिने दार ढकललं.

सुजय उशीला टेकून बसलेला होता, पेणला फोनवर दिसला होता तसाच, फक्त मान एका बाजूला. तिला बघून त्याने हाताने बाहेर जा अशी खूण केली. हात अर्ध्यावरच गादीवर पडला.

“जात नाय,” ती म्हणाली. “आज जात नाय. बोट दाखवा.”

खिडकीत त्याची रंगाची पेटी होती, थिनरची बाटली होती. तिने ओढणीचं टोक थिनरने भिजवलं, त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. तर्जनीच्या नखात निळं होतं. तिला आधी बरं वाटलं. आहे बाबा रंग. तिने घासलं. नखाच्या कडेतून थोडा निळा रंग ओढणीला आला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. काढते आता सगळा, मग लावते बोटाचं मशीन, बघू किती येतंय.

मग नखाच्या खालचं निळं राहिलं. ते ओढणीला येत नव्हतं. तिने जोरात घासलं. सुजयने हात ओढून घेतला नाही, त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. तिने मधलं बोट घेतलं. तेही निळं. अंगठाही.

“सगळ्या बोटांनी रंगवलंत का हो?” तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघत होता. डोळे मात्र नेहमीचेच होते, थकलेले, मिस्किल. त्याने काहीतरी म्हटलं, तिला ऐकू आलं नाही.

तिने त्याचा डावा हात उचलला.

पेणला जितेश अंगणातला फोमचा कचरा गोळा करत होता, तेव्हा फोन वाजला. समीक्षाचं नाव बघून तो हसतच म्हणाला, “पोचलीस? जेवला का तो?”

“भाऊजी,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “डाव्या हाताला पन निळं हाय.”

जितेशने विचारलं नाही की म्हणजे काय. ते निळं रंगाचं नव्हतं, श्वास कमी पडल्याचं होतं. सुजयने डाव्या हातात कधी कुंचला धरला नव्हता, हे ह्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्याने नाथाचा नंबर लावला. नाथा म्हणाला, शेट, खोका आताच आत गेला, कंटेनरला सील लागलं.

सगुणाआई ओसरीवर बसून ताटलीतल्या खोबऱ्याचे तुकडे करत होत्या. “कुनाचा रे?” त्यांनी विचारलं. “सुजूचा? बरा हाय ना आता?”